विषय पटलावर येण्याआधी : ठाण्यातल्या नव्या रहिवाशांसाठी महापालिकेची वाट

कासारवडवली, कोलशेत, बाळकूम. नव्या टॉवरमध्ये किल्ल्या मिळतात, पहिलं वर्ष फर्निचर आणि सोसायटी नोंदवण्यात जातं, आणि मग एका सकाळी गेटसमोर जेसीबी उभा राहतो. किंवा झाडाच्या खोडावर नोटीस चिकटलेली दिसते, समोरच्या मोकळ्या भूखंडाला पत्रे ठोकलेले दिसतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडतो. कोणीतरी नगरसेवकांना फोन लावतो आणि पलीकडून उत्तर येतं, "अहो, ते मंजूर होऊन सहा महिने झाले."

मंजूर कुठे झालं, कोणी केलं आणि आपल्याला आधी कसं कळलं असतं, त्याची ही वाट. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ला स्थापन झाली आणि तिचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याने चालतो. कायदा पाठ करायची गरज नाही. कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो आणि कुठल्या टप्प्यावर तुमचं ऐकून घेणं त्यांना भाग असतं, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पहिली पायरी : काम नक्की कोणाचं?

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक टाळतात आणि चुकीच्या दारात सहा महिने उभे राहतात.

ठाण्यात दिसणारी प्रत्येक गोष्ट महापालिकेची नसते. मेट्रोचं काम एमएमआरडीएचं, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं. घोडबंदर रस्त्याचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचं कामही एमएमआरडीएचंच, त्यामुळे त्याबद्दलचं पत्र फक्त महापालिकेत दिलंत तर ते 'पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित' होत फिरत राहील. सिग्नल, एकेरी वाहतूक, नो पार्किंगच्या अधिसूचना ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडून निघतात. पण त्याच रस्त्यावरचा गतिरोधक बांधणार महापालिका, तोही वाहतूक शाखेचा अभिप्राय घेऊन. वीज महावितरणची, कळवा, मुंब्रा, शीळ भागात मात्र २०२०पासून टोरंट कंपनी. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर तो महापालिकेच्या विद्युत विभागाचा. येऊरचं जंगल वन विभागाचं. 'सिव्हिल' म्हणजे जिल्हा रुग्णालय राज्य सरकारचं, तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचं. गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृहही महापालिकेचीच.

हद्दीचाही घोळ असतो. ऐरोली, घणसोली ठाणे जिल्ह्यात असली तरी नवी मुंबई महापालिकेत येतात. घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या पुढे गेलात की मिरा-भाईंदरची हद्द सुरू होते, ज्या घोडबंदर गावावरून रस्त्याला नाव पडलं ते गाव तिकडेच. दिवा मात्र ठाण्यात.

पाण्याचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं, म्हणून जरा थांबून समजून घ्या. ठाण्याला पाणी चार ठिकाणांहून येतं : महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर) पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी म्हणजे औद्योगिक विकास महामंडळ आणि मुंबई महापालिका. तुमच्या टाकीत यातलं कोणतं पाणी पडतं, यावर पाणीकपातीचा वार ठरतो. एमआयडीसीने चोवीस तासांचा शटडाऊन घेतला की दिवा, मुंब्रा, कळवा कोरडं पडतं आणि त्याच्याबरोबर रूपादेवी पाडा, किसननगर क्रमांक २, नेहरूनगर, कोलशेतचं खालचं गाव अशी नावं पाणीपुरवठा विभागाच्या निवेदनात येतात. चरई-नौपाड्याला त्याचा पत्ताही नसतो. तुमची सोसायटी कुठल्या जलकुंभावर (पाण्याच्या उंच टाकीवर) आहे आणि त्या जलकुंभाला कोणाचं पाणी येतं, हे पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्याला एकदा विचारून लिहून ठेवा. पाणी कमी दाबाने येतंय अशा तक्रारीत हे एक वाक्य असलं की समोरचा माणूस तुम्हाला टोलवायच्या आधी दोनदा विचार करतो.

दुसरी पायरी : दोन प्रकारचे प्रभाग

नवीन माणसाची हमखास गल्लत इथे होते. निवडणुकीचा प्रभाग वेगळा आणि प्रभाग समिती वेगळी.

निवडणुकीसाठी ठाण्याचे ३३ प्रभाग आहेत आणि नगरसेवक १३१. बत्तीस प्रभागांत चार-चार, एकात तीन. म्हणजे तुमचा 'एक' नगरसेवक नाही. अ, ब, क, ड मिळून चौघे आहेत आणि चौघेही संपूर्ण प्रभागाचे. 'तो भाग माझ्याकडे नाही' असं कोणी म्हटलं तर ती त्यांची आपसातली वाटणी, कायद्यातली नाही. पत्र चौघांच्याही नावे द्या. चौघे वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर उत्तमच, एकाने दुर्लक्ष केलं तर दुसरा मुद्दाम लक्ष घालतो.

प्रभाग समित्या नऊ : नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे इस्टेट, लोकमान्य-सावरकर नगर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा. प्रत्येकीचं स्वतंत्र कार्यालय, त्यावर सहाय्यक आयुक्त. कचरा, अतिक्रमण, गटार, फेरीवाले, गल्लीतला रस्ता हे सगळं आधी इथे. पाचपाखाडीला कचराळी तलावाजवळच्या मुख्यालयात थेट जाऊन 'आयुक्तांनाच भेटतो' म्हणणारे बरेच असतात. त्यांचा अर्ज संध्याकाळी शिक्का मारून याच प्रभाग समितीत परत येतो.

प्रभाग समितीच्या बैठकीत त्या भागातले नगरसेवक असतात आणि स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी नेमण्याचीही कायद्यात सोय आहे. नागरिकांच्या क्षेत्रसभेचीही आहे, २००९पासून. ती भरलेली पाहिलेला माणूस भेटला तर त्याला चहा पाजा.

तिसरी पायरी : निर्णय होतो कसा

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात ठाण्यात नगरसेवकच नव्हते. मुदत संपल्यावर प्रशासक बसले आणि महासभेचे (म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेचे), स्थायी समितीचे अधिकार एकाच टेबलावर आले. त्या चार वर्षांत इथे राहायला आलेल्यांना वाटतं की महापालिका म्हणजे आयुक्त. १५ जानेवारी २०२६च्या मतदानानंतर पुन्हा सभागृह आलं. तेव्हा जुनी घडी समजून घ्यायलाच हवी.

धोरण महासभा ठरवते : कर, भूखंडांची आरक्षणं, जागा देणं-घेणं, नामकरण, मोठे प्रकल्प. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे. ती १६ जणांची, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. निविदा मंजूर तिथे होतात, म्हणून सभापतिपदासाठी होणारी रस्सीखेच महापौरपदापेक्षा कमी नसते. बसथांबा किंवा टीएमटीचा (महापालिकेच्या बससेवेचा) नवा मार्ग हवा असेल तर परिवहन समिती आणि परिवहन व्यवस्थापक.

आता एका साध्या गटाराचा प्रवास बघू. कनिष्ठ अभियंता जागेची पाहणी करून खर्चाचा अंदाज काढतो. त्याला तांत्रिक मंजुरी मिळते. मग लेखाशीर्ष शोधतात, म्हणजे अंदाजपत्रकात या प्रकारच्या कामाला पैसे ठेवलेत का ते. मग प्रशासकीय मंजुरी, निविदा, रकमेप्रमाणे आयुक्त किंवा स्थायी समिती, आणि शेवटी ठेकेदाराला कार्यादेश. जेसीबी दिसतो तो कार्यादेशानंतर. त्या दिवशी ग्रुपवर कितीही संतापलात तरी थांबवायला हातात फारसं काही नसतं. गटार रस्त्याच्या कोणत्या बाजूला जाणार, हे मात्र कनिष्ठ अभियंत्याच्या पाहणीच्या दिवशी एका नकाशावर बोट ठेवून बदलता आलं असतं.

महासभा किमान महिन्याला एक व्हायला हवी आणि साधारण सभेची सूचना सात दिवस आधी निघायला हवी. सूचनेबरोबर विषयपत्रिका असते. ती आणि प्रत्येक विषयामागचा गोषवारा, म्हणजे प्रस्तावाची टिपण, महापालिकेच्या सचिव विभागातून मिळतो, संकेतस्थळावरही टाकतात. विषयपत्रिका वाचायची युक्ती अशी : आधी प्रभागाचं नाव शोधू नका, कारण बऱ्याच विषयांत ते नसतंच. सर्व्हे नंबर, सेक्टर नंबर, आरक्षण क्रमांक, 'मौजे कावेसर', 'मौजे ओवळा' (मौजे म्हणजे महसुली गाव) असे शब्द शोधा. तुमच्या इमारतीचा 'लेकव्ह्यू' महापालिकेच्या कागदात कुठेच नाही. तिथे तुम्ही मौजे अमुक, सर्व्हे नंबर तमुक आहात. हे दोन तपशील घराच्या करारनाम्यात असतात. भिंतीवर चिकटवून ठेवा.

गोषवाऱ्यात शेवटचा परिच्छेद आधी वाचा. 'सबब, सदर प्रस्ताव मान्यतेसाठी सादर' याच्या आधीच्या दोन ओळींत खरी मागणी असते. वरची तीन पानं पार्श्वभूमी.

काही शब्द कानावर पडतील. 'आयत्या वेळचा विषय' म्हणजे पत्रिकेत नसलेला, ऐनवेळी आणलेला. सगळ्यात जास्त लक्ष याच्यावर ठेवा, कारण त्याची आधी कोणालाच खबर नसते. 'तहकूब' म्हणजे सभा पुढे ढकलली, विषय मेला नाही. 'पाच दोन दोन' हे कायद्याच्या अनुसूचीतल्या नियमाचं तोंडी नाव. निविदा न काढता तातडीने काम देण्याची ती वाट. पूर आला, भिंत कोसळली तर ती लागतेच. सुशोभीकरणाच्या कामापुढे हा आकडा दिसला तर मात्र कारण काय नोंदवलंय ते जरूर मागा.

सभा नागरिकांना खुली असते. हजर सदस्यांनी बहुमताने तसं ठरवलं तरच दारं बंद करता येतात. प्रवेशाची पद्धत सचिव विभागात विचारून घ्या. गॅलरीतून बोलता येत नाही आणि पहिला तास गोंधळात गेला तर निराश होऊ नका. आपल्या विषयाला सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कोणी नोंदवला एवढं टिपून घ्या. वर्तमानपत्रात तेवढं येत नाही.

आणि ठराव झाला म्हणजे झालं असंही नाही. विकास आराखड्यातले बदल, करातली सूट अशा गोष्टींना राज्य सरकारची मान्यता लागते. शिवाय कलम ४५१ खाली सरकार महापालिकेचा ठराव निलंबित करू शकतं, विखंडितही, म्हणजे रद्दही, करू शकतं. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर हे याचं जवळचं उदाहरण. निवडणुकीच्या भाषणांत पूर्ण माफी होती. ठाण्याच्या वाट्याला राज्य सरकारच्या निर्णयातून सामान्य कराची माफी आली. करदेयकातले बाकीचे रकाने तसेच राहिले. म्हणून नव्या घराचं बिल आल्यावर 'आमचं तर माफ आहे ना?' म्हणून ते बाजूला टाकू नका.

चौथी पायरी : हरकतीची खिडकी

तुमचं ऐकून घेणं कायद्याने भाग असतं असे प्रसंग मोजकेच. बाकी सगळं विनंतीच्या खात्यात जातं. म्हणून हे प्रसंग सोडू नका.

झाडं : महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. झाड तोडायची परवानगी मागितली की वृक्ष प्राधिकरणाने जाहीर नोटीस द्यायची असते, वर्तमानपत्रात आणि त्या झाडावरही. हरकतीला सात दिवस. यात रविवार, सुट्ट्या आणि 'अध्यक्ष गावी गेलेत' हे सगळं मोजलं जातं. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून जादा संरक्षण मिळालं. त्यामुळे 'आम्हाला झाडं आवडतात' असं लिहिण्यापेक्षा प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, घेर, फोटो आणि अंदाजे वय लिहा. पुनर्रोपण म्हटलं असेल तर कुठे, कधी आणि आधी पुनर्रोपित केलेल्यांपैकी किती जगली, हा प्रश्न हमखास विचारा.

आराखडा : ठाण्याच्या सुधारित विकास आराखड्याचा मसुदा ऑक्टोबर २०२४मध्ये प्रसिद्ध झाला आणि शहरभर नकाशे उघडले गेले. अशी संधी वीस वर्षांत एकदाच येते. मधल्या काळात मात्र एकेका भूखंडाचं आरक्षण बदलण्याचे प्रस्ताव येत राहतात. त्याला 'कलम ३७चा फेरबदल' म्हणतात, १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली. आधी महासभेचा ठराव, मग जाहीर सूचना, हरकतींना एक महिना, सुनावणी आणि मग मंजुरीसाठी राज्य सरकारकडे. तुमच्या समोरचं 'उद्यान' किंवा 'खेळाचे मैदान' दुसरं काही होणार असेल तर ते याच रस्त्याने होतं. बिल्डरच्या ब्रोशरमधल्या हिरव्या डागावर विसंबू नका. शहर विकास विभागातून आपल्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढून ठेवा; आज काय आरक्षण आहे याचा पुरावा हातात असला की उद्याच्या बदलावरची हरकत भक्कम होते.

हरकत लिहिताना एक पान पुरतं. जाहिरातीचा दिनांक, सूचना क्रमांक, जागेचा सर्व्हे नंबर, तुम्ही बाधित कसे ते दोन वाक्यांत, मुद्दे क्रमांकाने, काय हवं ते एका ओळीत, आणि शेवटी 'मला सुनावणीस उपस्थित राहण्याची संधी द्यावी'. हे शेवटचं वाक्य विसरू नका. तीनशे सह्यांचं एक निवेदन ही अनेकदा एकच हरकत म्हणून नोंदली जाते. त्यापेक्षा तीस घरांनी तीस वेगळ्या हरकती दिल्या तर फाइल जाड होते आणि सुनावणीही लांबते. एकच मजकूर छापून वाटू नका. म्हाताऱ्या आजीने शाळेच्या रस्त्याबद्दल चार ओळी हाताने लिहिल्या तरी चालतं.

अंदाजपत्रक ही कायद्याने खिडकी नाही, पण व्यवहारात सर्वांत मोठी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते सादर होऊन मंजूर होतं. याचा अर्थ तुमची मागणी दिवाळीच्या सुमारास प्रभाग कार्यालयात आणि चारही नगरसेवकांकडे पोचलेली हवी. अंदाजपत्रकाचं पुस्तक उघडल्यावर मोठ्या घोषणा सोडून द्या आणि आपल्या कामासमोरचा आकडा बघा. एखाद्या पुलासमोर नावापुरती रक्कम असेल तर ती टोकन तरतूद. पूल त्या वर्षी होणार नाही. शेजारी गेल्या वर्षीचा सुधारित आकडा असतो, त्यावरून गेल्या वर्षी खरंच किती पैसे फिरले ते कळतं. ठाण्यात जुन्या कामांच्या थकीत देयकांचं दायित्व दरवर्षी चर्चेत असतं, तेव्हा नव्या कामाला किती उरणार हेही जोखता येतं.

पाचवी पायरी : कागद, पोच आणि पाठपुरावा

फोनवर झालेलं बोलणं हवेत जातं. पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर, मराठीत, एका पत्रात एकच विषय. 'विविध नागरी समस्यांबाबत' असा विषय टाकलात तर ते पत्र कोणत्याच विभागाचं होत नाही. 'सर्व्हे नंबर अमुक लगतच्या नाल्याच्या तुटलेल्या संरक्षक भिंतीबाबत' असं लिहा. दोन प्रती न्या, आवक खिडकीवर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, दिनांक, आवक क्रमांक घ्या. पुढचं प्रत्येक पत्र या आवक क्रमांकाने सुरू होतं.

पंधरा दिवसांनी कनिष्ठ अभियंत्याला भेटा. तो माणूस दिवसभर साइटवर असतो. सकाळी लवकर गेलात तर गाठ पडते. आवाज चढवू नका, त्याच्या हातात मंजुरी नाही, पण तुमची फाइल वर ढकलणं आहे. गेल्या पावसाळ्यातले तारखेसह फोटो द्या, त्याला टिप्पणीत (फाइलवरच्या कार्यालयीन नोंदीत) जोडायला तेच लागतात.

काही हललं नाही तर लोकशाही दिन आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत, पंधरा दिवस आधी. न्यायालयात असलेली किंवा माहिती अधिकारात अडकलेली प्रकरणं तिथे घेत नाहीत. जन्मदाखला, कर उतारा, नळजोडणी अशा अधिसूचित सेवांना मात्र २०१५चा लोकसेवा हक्क कायदा लागतो. त्यासाठी लोकशाही दिन वाया घालवू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्द, एक विषय, तीस दिवस. 'रस्ता का केला नाही?' असं विचारलंत तर 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असं छापील उत्तर येईल. कागदच मागा : अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिप्पणीची प्रत, अमुक ठरावाची साक्षांकित प्रत, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाच्या मोजणीच्या नोंदवहीची) पानं. उत्तर आलं नाही तर तीस दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील, ते त्याच विभागातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे.

अर्ज न करताही एक वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. २०१८च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात महापालिकेतले अभिलेख नागरिकांना पाहता येतात. टेबलावर कोणी चमकून बघितलं तर शासन निर्णयाची छापील प्रत पुढे करा आणि फाइल मागा. ती चाळताना सगळ्यात वरचं पत्र वाचण्यात वेळ घालवू नका. टिप्पणीचा भाग उघडा, शेवटची सही कोणाची आणि कोणत्या तारखेची ते बघा. फाइल तिथे थांबलेली असते.

काम सुरू झाल्यावरही फाइल बंद करू नका. जागेवर फलक हवा : कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम, मुदत आणि दोषदायित्व कालावधी. या कालावधीत रस्ता उखडला, पेव्हर ब्लॉक खचले तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. फलकाचा फोटो पहिल्याच दिवशी काढा, कारण पहिल्या पावसानंतर तो तिथे असेलच असं नाही. कालावधी संपायच्या दोन महिने आधी सोसायटीच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या सुमारास खड्ड्यांच्या फोटोंसह कार्यकारी अभियंत्याला पत्र द्या. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.